जीपचा रंग सुकेपर्यंत

ज्या वर्षी आमच्या खळ्यात जीप उभी होती, त्या वर्षी आईने खळं सारवलं नाही. एरवी भात झोडून झालं की ती चोपणं घेऊन बसायची आणि घरापुढची ती जागा अशी गुळगुळीत करायची की सांडलेला तांदूळ वेचून पुन्हा शिजवावा. त्या वर्षी तिथे चाकं काढून चिऱ्यांवर चढवलेली एक गंजकी जीप होती, जीपखाली पोती अंथरलेली होती आणि पोत्यांवर माझे वडील उताणे पडलेले असायचे. त्यांचे फक्त पाय बाहेर दिसत. खरवडण्याचा आवाज थांबला की पडवीतल्या बाजेवरून आई विचारायची, "अवो, झोपलाव काय खाली?" आणि खालून एक ठोका यायचा, नाही म्हणून. हा उद्योग दोघांचा दिवसभर चालायचा. मी मध्ये कुठेतरी बसून काचपेपरने दरवाजाएवढ्या जागेवरचा गंज घासत असायची आणि मनातल्या मनात दोघांवर चिडत असायची. एकोणीस वर्षांच्या मुलीला चिडायला फारसं कारण लागत नाही, पण माझ्याकडे होतं.

मी 'आई' असं लिहिते आहे ते कागदावर बरं दिसतं म्हणून. हाक मारायचो आम्ही 'आये' अशी, आणि तीही नुसती नाही, 'आयेऽ' अशी लांबवून, कारण ती विहिरीवर नाहीतर मागच्या परसात असायची आणि समुद्राच्या गाजेत माणसाचा आवाज बुडतो. रत्नागिरीजवळ खाडीच्या तोंडावर आमची वाडी. बाबा तांडेल होते, म्हणजे मालाच्या गलबतावरचे मुख्य. कौलं, मीठ, लाकूड असं काहीबाही भरून नारळी पौर्णिमेनंतर निघायचे ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. घरात दिसायचे ते पावसाळ्यातच. आम्ही दोघं भावंडं, वसंतदादा आणि मी, दोघंही चैत्र-वैशाखात जन्मलेली. असं का, ते मला माझ्या लग्नानंतर कळलं आणि एकटीच हसले. दोघांच्याही जन्माच्या वेळी बाबा दर्यावर होते हे सांगायला नकोच. पुढे माल ट्रकने जायला लागला, बंदरातली गलबतं वाळूत बसली, शेठने बाबांचं गलबत मोडीत काढलं आणि ते कायमचे घरी आले. घरी आले म्हणजे पाहुणे आले. मीठ कुठल्या बरणीत आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. तांब्या हातात घेऊन स्वतःच्याच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे, कुणी तरी पाणी देईल म्हणून.

आई खालची नव्हे, वरची. देवरूखच्याही वर डोंगरात तिचं माहेर, भात-नाचणी पिकवणारी माणसं. लग्न करून आली तेव्हा तिला माशाचा वास सोसत नव्हता. समुद्राकडे पाठ करून ती भांडी घासायची म्हणे. आमच्या आठवणीत मात्र ती बांगडा असा साफ करायची की वाडीतल्या बायका बघत राहाव्यात. खायची मात्र कुळथाचं पिठलं आणि नाचणीची भाकरी. तिचं बोलणंही शेवटपर्यंत वरचंच राहिलं, हेल काढून, सावकाश. बाबा तिची नक्कल करायचे, आणि ती तांडेलाची, म्हणजे ओरडून. घरातल्या घरात बोलायलाही बाबा ओरडायचेच, वाऱ्यावर बोलायची सवय.

तिच्या पोटात गाठ होती. शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं. आत काढण्यासारखं काही उरलेलं नाही, घरी न्या, खाईल ते द्या, असं त्यांनी बाबांना आणि दादाला बाहेर बोलावून सांगितलं. आईला कुणीच सांगितलं नाही. घरी आल्यावर ती बाजेवर बसली, आमच्या तिघांच्या तोंडांकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "मला एकदा माहेराला नेऊन सोडा. आता माघ हाय. शिमग्याला पालखी दारात येईपर्यंत मी राहीन, देवीची ओटी भरीन. मंग तुमी सांगाल ते औषध घेईन."

आमच्याकडे शिमग्यात गावदेवी पालखीत बसून घरोघर येते. वर्षभर माणूस देवळात जातो, शिमग्यात देवी माणसाच्या दारात येते. खळ्यात पालखी टेकते, नाचते, आणि त्या घरच्या माहेरवाशिणी ओटी भरतात. तांदूळ, नारळ, खण. मुंबईला गेलेले चाकरमानी त्या दिवशी झाडून येतात. आई मात्र लग्नानंतर मोजक्या वेळाच गेली होती. पोरं लहान, गुरं दावणीला आणि नवरा दर्यावर. शिमग्यात बाबा कधी घरी नसतच, त्यामुळे तिच्या माहेरच्या खळ्यात जावई म्हणून ते पालखीसमोर एकदाही उभे राहिले नव्हते. हे तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्यांनीच ते मनात धरलं होतं, आणि त्यातच सगळं पुढचं आलं.

तिथे जायचं तर देवरूखपर्यंत एसटी, पुढे फाट्यापर्यंत दुसरी, आणि मग घाटीची चढण. चांगला धडधाकट माणूस धापा टाकत जातो. आईला न्यायचं तर जीपच हवी होती; तीच काय ती त्या दगडधोंड्यांतून वर चढेल. वसंतदादा बंदराच्या कामावर गाडी चालवायचा. काम संपलं तेव्हा कंत्राटदाराने एक जुनी जीप टाकून दिली होती, ती त्याने मागून आणली. इंजिन त्याने खोलून, धुऊन, जुळवून चालू केलं. पहिल्यांदा खळ्यात आली तेव्हा तिचा आवाज ऐकून गोठ्यातली म्हैस दावं तोडायला निघाली. आवाज दमदार होता. पण अंग? बंदराच्या खाऱ्या वाऱ्याने तिला पार खाल्लं होतं. पत्र्याला बोट लावलं की पापुद्रे गळायचे. तळ असा सडला होता की बसल्या जागेवरून खालचा रस्ता दिसायचा. दादाने तळाला नवे पत्रे जोडून आणले आणि म्हणाला, "झालं. मागं गादी टाकतो. परवा निघू."

आई उठून लुगडं काढायला गेली. ते मी पाहिलं. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. बाबा मात्र जीपभोवती फिरत होते. नखाने गंज खरवडत होते, वास घेत होते. फिरून आले आणि म्हणाले, "हिच्यातनं? तिच्या माहेराला?"

"मंग कशातनं?" दादा म्हणाला.

"आयुष्यात एकदा मी शिमग्याला जाणार. लोक काय म्हणतील? तांडेल आला तो बायकोला भंगारात घालून घेऊन आला. आठ दिस दे मला. खरवडतो, रंगवतो. सगळा जन्म तेच केलंय."

दादाने आईकडे बघितलं. आई पेटीजवळ उभी होती, घडी केलेलं लुगडं हातावर. ती जरा हसली. म्हणाली, "करू दे त्यास्नी. आठ दिसांनी काय हुतंय." आणि लुगडं पुन्हा आत ठेवलं.

तिने तेव्हाच हट्ट धरायला हवा होता असं मला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. आता वाटत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्या माणसाने तिच्यासाठी तिच्या डोळ्यांदेखत असं काही केलंच नव्हतं. पैसे पाठवले, कापडं आणली, पण ती सगळी लांबून. आता तो दिवसभर समोर होता, कोपरापर्यंत गंजाने लाल झालेला, आणि जे करत होता ते तिला माहेरी न्यायला. मी तिच्या जागी असते तर मीही पेटी बंद केली असती.

ते पहिले दिवस चांगले गेले, हे कबूल करायला हवं. सकाळी आंब्याच्या मोहोराचा वास, दव पडलेलं, आणि बाबांच्या हातातल्या लोखंडी पत्रीचा खर्रखर्र आवाज. तो आवाज दातांत शिरायचा. वाडीतल्या बायका पाणी नेताना कान झाकून जायच्या. गंज निघाला की रॉकेलचा बोळा फिरवायचा, मग काचपेपर, मग फडकं. खड्डे पडले होते तिथे लांबी भरायची, ती वाळली की पुन्हा घासायची. मी बाबांच्या बरोबरीने करत होते. दुपारी आई मला बाजेवरून सांगायची आणि मी तिच्या सांगण्यावरून रांधायची. कुळीथ किती भाजायचे ते ती वासावरून सांगे. तिला स्वतःला पेजेपलीकडे काही उतरत नव्हतं. पण बाबा पडवीत तिच्यासमोर जेवायला बसत, आणि ती त्यांच्या ताटाकडे असं लक्ष ठेवी की जसं काही तीच जेवते आहे. "आज मीठ कमी पडलं ना?" बाबा म्हणत, "तुला कसं कळलं?" "तुमच्या तोंडावरनं." लग्न होऊन पंचवीस-तीस वर्षांनी ती नवऱ्याचं तोंड वाचायला शिकत होती.

रंग कुठला द्यायचा यावर दोन दिवस बोलणं चाललं. दादा म्हणाला पांढरा. आई म्हणाली, "पांढरी नको. पांढरी गाडी दवाखान्याची." मग बाबांनी विचारलं तुला कुठला हवा, तर लाजली, म्हणाली मला काय कळतंय, आणि लगेच म्हणाली, "निळा बरा. तुमच्या गलबताचा हुता तसा." मला ठाऊक होतं, तिने ते गलबत एकदाच पाहिलं होतं, धक्क्यावरून, मी तिच्या कडेवर असताना.

आणि मग बाबांनी ती गोष्ट केली. चूक म्हणवत नाही, कारण त्यांच्या लेखी ते सगळ्यांत चांगलं काम होतं. गलबत रंगवण्याआधी लाकडाला मुशीचं तेल पाजतात. मुशी मासा, त्याचं काळीज कढवून हे तेल काढतात. वास असा की माणसाला जेवण नको होईल, पण लाकूड त्याने खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. बाबांनी खालच्या वाडीतून डबा भरून आणला आणि खरवडून लख्ख केलेल्या त्या जीपला आतून, बाहेरून, तळाला, दारांना ते तेल चोळलं. शिवाय तळाला पाणी वाहून जायला मुद्दाम ठेवलेली भोकंसुद्धा कापूस आणि चंद्रूस, म्हणजे राळ, घालून बुजवली. दादा संध्याकाळी आला, नाकावर हात धरला आणि म्हणाला, "बाबा, ही काय बुडणार हाय?" बाबा म्हणाले, "भोक असलेलं बूड मी बघू शकत नाय." आम्ही सगळे हसलो. आईसुद्धा, पोटाला हात लावून. ते शेवटचं मनमोकळं हसणं होतं असं मी म्हणेन.

तेलावर निळा रंग दिला. पहिला हात दिला तेव्हा जीप खरोखर देखणी दिसली. उन्हात चकाकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी बोट लावलं, बोट निळं झालं. दव पडलंय, म्हणाले, एक ऊन खाऊ दे. ऊन खाल्लं, तरी बोट निळं. आणखी एक ऊन. जीप आंब्याखाली होती, मोहोराचा बारीक कचरा गळायचा तो सगळा चिकटला. त्यावर मुंग्या आल्या, त्या चिकटल्या. रस्त्याची तांबडी धूळ चिकटली. आमची एक कोंबडी बॉनेटवर चढली ती एका बाजूने निळी होऊन उतरली आणि शिमग्यापर्यंत तशीच फिरत होती. मी तेव्हा त्या कोंबडीवर हसले. बाबा रोज सकाळी उठून आधी जीपकडे जात, बोट लावत आणि बोट लुंगीला पुसत परत येत. लुंगीवर निळ्या रेघा वाढत गेल्या. आई बाजेवरून बघायची. एके दिवशी म्हणाली, "अवो, लाकूड तेल पितं. पत्रा कसा पिईल? तेल तसंच हाय वर. त्याच्यावर रंग कसा बसायचा?"

बाबांनी बोट लुंगीला पुसलं. पायरीवर जाऊन बसले. त्यांच्या जन्मभराच्या शहाणपणाचा तो पत्र्यावरचा चिकटा होता आणि एका डोंगरातल्या बाईने, तापाने डोळे खोल गेलेल्या, तो बसल्या जागेवरून ओळखला होता. मग आई म्हणाली, आणि हे तिने जरा घाईने म्हटलं, "ऱ्हाऊ दे आता. तशीच चला. गोणपाट टाकून बसते मी. लुगड्याला रंग लागला तर लागला."

"ओल्या रंगाची नाव पाण्यात घालत नायत," बाबा म्हणाले.

"ही नाव नाय हो."

"माहीत हाय मला नाव नाय ती. तुझ्या माहेरच्या दारात मोहोर आणि मुंग्या चिकटलेली गाडी उभी करू? चार दिस थांब गो. सगळं काढतो, परत करतो."

त्या संध्याकाळी दादा आणि बाबा भांडले. दादा कधी वर आवाज करायचा नाही, तो त्या दिवशी बाबांना म्हणाला, "तुमास्नी आयेला न्यायची हाय का गाडी दाखवायची हाय?" बाबांनी हातातला ब्रश डब्यात ठेवला आणि म्हणाले, "दोन्ही." खरं बोलले. मी दादाच्या बाजूची होते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पत्री घेऊन बाबांच्या शेजारी बसले ती मीच, कारण लवकर संपवणं एवढंच माझ्या हाती होतं.

तेल लागलेला रंग काढणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. खरवडायला जावं तर पत्रीला गोळा होऊन बसतो, पुसायला जावं तर पसरतो. राख चोळली, रॉकेल ओतलं, धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून हात सोलेपर्यंत घासलं. चार दिवसांचे किती झाले ते आम्ही कुणीच मोजलं नाही. माघ संपला, होळीसाठी पोरं लाकडं गोळा करायला लागली. दादा शहरातून रेडऑक्साइड घेऊन आला. तो तांबडा हात दिला, सुकला, मग त्यावर निळा. आणि त्या सगळ्या दिवसांत आई खाली खाली जात होती. आधी विहिरीपर्यंत जायची, मग परसापर्यंत, मग बाजेवरून उठून पडवीच्या खांबापर्यंत. बाबा खरवडता खरवडता मान वळवून बघायचे आणि जास्त जोरात खरवडायला लागायचे. पेज उलटायला लागली. बोलायची कमी. "झोपलाव काय" दिवसातून एखाद्या वेळीच यायचं.

आता या वयात, माझ्या स्वतःच्या नवऱ्याला पोचवून बसल्यावर, कधी कधी मनात येतं की बाबांना आतून तिला पाठवायचंच नव्हतं. माहेरी सोडली असती तर ते दिवस ती त्यांच्यासमोर नसती. रंग होता तोवर ती बाजेवर होती, तोवर रोज "झोपलाव काय" होतं. पण हे सगळं म्हातारपणी सुचणारं आहे. माणूस मेल्यावर त्याला समजून घेणं सोपं जातं. तेव्हा मला दिसत होता तो एक हट्टी माणूस आणि संपत चाललेली बाई, आणि मी रात्री उशीत तोंड खुपसून त्या माणसाला शिव्या दिलेल्या आहेत.

आईच्या माहेरी पालखी येणार त्याच्या आदल्या दिवशी जीप तयार झाली. चाकं चढवली, मागे गादी घातली. बाबांनी आईला उचलून खळ्यात आणलं. तिचं वजन राहिलंच नव्हतं. तिने बॉनेटवर तळवा ठेवला, काढला, उलटा करून पाहिला. "सुकला," म्हणाली. बाबांनी मान फिरवली. मग तिला मागे बसवली, मी तिला धरून बसले, बाबा पुढे, आणि दादाने गाडी सुरू केली. आज जाऊन उद्याची पालखी, असं ठरलं होतं. आमच्या वाडीतून मोठ्या रस्त्याला लागायला कातळाचा एक चढ आहे. जीपला तो काहीच नव्हता. पहिला धक्का बसला तेव्हा आईने माझं मनगट धरलं. दुसऱ्याला तिची बोटं रुतली. ती ओरडली नाही, ओठ चावून समोर बघत राहिली, बाबांच्या पाठीकडे. तिच्या अंगाला सुटलेला घाम माझ्या पोलक्यातून मला लागत होता. चढाच्या टोकाला, जिथून लांबवर वरचे डोंगर दिसतात, तिथे ती म्हणाली, "वसंता, थांबव बाबा." दादाने थांबवली. ती डोंगरांकडे बघत होती, ऊन होतं, धुरकट दिसत होते. मग म्हणाली, "फिरव. नाय जमायचं मला." पंधरा-वीस दिवस आधी तोच चढ ती हसत सोसली असती. हे आम्हा चौघांनाही कळत होतं. दादाने गाडी फिरवली.

परत बाजेवर निजवल्यावर बाबा तिच्या पायाशी उभे राहिले.  आई म्हणाली, "उद्या तुमी जावा."

"मी कुठं जाऊ तुला टाकून?"

"गाडी तयार हाय. माझी ओटी सुमन भरील, लेकीनं भरली तरी पोचते. तुमी एकदा पण उभे नाय राहिलाव माझ्या खळ्यात. एवढी रंगवलाव, आता जावा." आणि थांबून, डोळे मिटून म्हणाली, "माझ्या वाटचं बघून या."

शेजारच्या भागीकाकूला तिच्याजवळ बसवून आम्ही तिघं पहाटे निघालो. देवरूख ओलांडलं, फाटा सोडला, घाटीला जीप दगडांवरून डुलत डुलत चढली. आईची जागा मागे रिकामी होती, गादी घातलेली तशीच. तिच्यावर मी बसू शकले नाही, पत्र्यावर बसले. मामाच्या खळ्यात पोचलो तेव्हा ढोल जवळ आले होते. सगळं घर मुंबईहून आलेल्या माणसांनी भरलेलं. पोरं जीपला गराडा घालून उभी राहिली. म्हातारे उठून आले, हात फिरवून बघायला लागले. एकजण म्हणाला, "आरसा हाय आरसा. नवी घेतलाव काय तांडेल?" दुसरा म्हणाला, दर्यावरचा माणूस, पैसा हाय. बाबांनी ज्या शब्दांसाठी एवढे दिवस काढले होते ते सगळे शब्द त्या पाच मिनिटांत त्यांना ऐकायला मिळाले. ते मान खाली घालून उभे होते. तेवढ्यात बाळामामा, आईचा धाकटा भाऊ, गर्दीतून पुढे आला, जीपच्या मागे वाकून बघितलं आणि म्हणाला, "ताई कुठाय?"

"आणणार हुतो," बाबा म्हणाले.  दादाने मामाला बाजूला नेलं.

पालखी आली. खळ्यात टेकली. मी आईचं नाव घेऊन ओटी भरली, तांदूळ, नारळ, तिने पेटीतून काढून दिलेला खण. मामी माझ्या शेजारी रडत होती. बाबा जावयाच्या मानाने पुढे उभे होते, टोपी हातात, आणि गुलाल उधळला तेव्हा तो त्यांच्या तोंडावर पडला तो त्यांनी पुसला नाही. जेवायला सगळ्यांनी आग्रह केला, पण आम्ही घोटभर पाणी पिऊन निघालो. मामाही आमच्याबरोबर आला. रिकाम्या गादीवर तो बसला, आपल्या बहिणीच्या जागी.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आई जागी होती. मी देवीचं कुंकू तिला लावलं, मामा तिच्या उशाशी बसला आणि तिने एकेकाचं नाव घेऊन विचारलं, कोण आलं होतं, कोण नाही, वरच्या घरची म्हातारी आहे का अजून. आवाज फार बारीक झाला होता, वाकून ऐकावा लागायचा. पुढे पाडव्याच्या आत ती गेली, पण त्या संध्याकाळी ती सगळं विचारून घेत होती, बाजारातून आलेल्या माणसाला विचारावं तसं. बाबा दाराशी उभे होते. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "गाडीला काय म्हणाले?"

मी बाबांकडे बघितलं. दादानेही बघितलं. बाबा येऊन बाजेच्या कडेला बसले. जन्मभर ओरडून बोलणारा माणूस, इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"कुणी बघितलंन पण नाय गो गाडीकडं," बाबा म्हणाले. "सगळी तुलाच विचारत हुती."

 आई म्हणाली, "मंग मी दुसरं काय सांगत हुते?"

"व्हय," बाबा म्हणाले. "तू तेच सांगत हुतीस."